अभिनंदनाची घाई

ऑक्टोबर लागला की मला घरात बसवत नाही. "या महिन्यात तुला नेमकं काय चावतं?" असं बायको दरवर्षी विचारते आणि मी दरवर्षी "काही नाही" म्हणतो. सकाळी मारुंजीतल्या आमच्या सोसायटीच्या नवव्या मजल्यावरच्या गॅलरीत चहा घेऊन उभा राहतो. खाली टेंपो, दुचाक्या, शाळेच्या पिवळ्या गाड्या. आणि पलीकडे, दोन टॉवरांच्या फटीतून दिसणारा एवढासा सोनेरी तुकडा. कुणाचं तरी भाताचं खाचर अजून शिल्लक आहे तिथे. दरवर्षी वाटतं, यंदा नसेल, दरवर्षी असतं. वारा तिकडून आला की पिकल्या भाताचा वास नवव्या मजल्यापर्यंत येतो. बायकोच्या मते तो खालच्या डोसेवाल्याचा असतो. असेल बापडा. पण वास आला की माझा चहा अर्धाच राहतो. मी फोन उचलतो, ठेवतो, पुन्हा उचलतो.

यंदा उचलला तर त्यावर एक सूचना आलेली. नोकरदारांच्या त्या साइटवरची, जिथे आपण सगळे आपापले हुद्दे वाळत घालतो. अमुक व्यक्तीने नवीन पद स्वीकारलं आहे, तिचं अभिनंदन करा. खाली निळं बटण. शब्दसुद्धा आयते लिहून ठेवलेले, आपण फक्त अंगठा टेकवायचा. मी नाव वाचलं. मग पुन्हा वाचलं. फोटोच्या जागी नुसता करडा गोल होता. गाव दुसऱ्याच देशातलं, समुद्रकाठचं. पण नाव तेच होतं, आणि नावाखाली तिच्या जुन्या कंपनीचंही नाव होतं, जी माझीही जुनी कंपनी.

हे नाव मी पंधरा वर्षांत कुठे लिहिलेलं नाही. इथेही लिहिणार नाही. तिला आपण मेइ म्हणू. मेइ हे तिचं नाव नाही, आणि त्या समुद्रकाठच्या गावाचं नावही मी सांगणार नाही. तेवढं शिकलोय.

पंधरा वर्षांपूर्वीच्या त्या ऑक्टोबरात मी माणमध्ये राहत होतो. बार्शीहून आलेला, सव्वीस वर्षांचा, सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याच्या नोकरीवर. अण्णांनी घरावर दोन खोल्या चढवल्या होत्या, त्यातली एक माझी. अण्णा म्हणजे घरमालक; तेव्हा पन्नाशीचे, अंगाने वाळलेले, दिवसभर काही ना काही हातात. खिडकी उघडली की समोर त्यांचं भाताचं खाचर, त्यापुढे दुसऱ्यांची, आणि खाचरं संपली की एकदम काचेच्या इमारती. सकाळी त्या काचांत सगळं शेत दिसायचं. मी त्याच इमारतींपैकी एकीत बसून दिवसभर लोकांच्या चुका काढायचो आणि संध्याकाळी बांधावरून चालत घरी यायचो. बुटांना माती लागायची, ती दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या गालिच्यावर पडायची आणि सफाईवाल्या ताई माझ्याकडे बघून मान हलवायच्या.

पहाटे दव, दुपारी अंग भाजणारं ऊन, संध्याकाळी डोंगराकडून ढग. हा या भागातला सगळ्यात जिवाला घोर लावणारा काळ. भात पिकून उभा असतो आणि परतीचा पाऊस कुठे तरी दबा धरून असतो. कापलेल्या भातावर पाऊस पडला तर दाणा काळा पडतो, पेंढीतच कोंब फुटतात. त्या दिवसांत अण्णा दर तासाला अंगणात येऊन वर बघायचे. बोलता बोलता वाक्य अर्धं टाकून वर बघायचे. त्यांच्यामुळे मलाही सवय लागली.

मेइ चीनमधल्या एका शहरात बसायची. मी चूक शोधायची, तिने दुरुस्त करायची, असं आमचं काम होतं. आम्ही एकमेकांना पाहिलेलं नव्हतं. रोज सकाळी फोनवर सगळ्या टीमचं बोलणं व्हायचं, त्यात तिचा आवाज. बाकी दिवसभर चॅट. दोघांचंही इंग्रजी मोडकं, त्यामुळे समजायला सोपं. एकदा मी खिडकीतून दिसणाऱ्या शेताचा फोटो सहज पाठवला. तिचं उत्तर लगेच आलं: हा भात आहे. मी म्हटलं, हो, इंद्रायणी नावाचा. मग कळलं की तिचे वडील दूर दक्षिणेत भातच लावतात. हाताने कापता का, तिने विचारलं. मी म्हटलं, विळ्याने. आमचे बाबाही, तिने लिहिलं, आणि पुढे एक हसरा चेहरा. तेव्हापासून दर सोमवारी, कामाला लागायच्या आधी, तिचा एक प्रश्न यायचा. तुमचा भात कसा आहे? मी खिडकीतून बघितलेलं सांगायचो. हिरवा आहे. पोटरीत आहे, लोंबी अजून आतच. वाकायला लागला. पिवळा पडतोय. सोमवारची ती एक ओळ मला इतकी आवडायला लागली की रविवारी संध्याकाळी मी मुद्दाम बांधावर चक्कर मारून यायचो, खोटं सांगायला नको म्हणून.

आता माझ्या वडिलांचं सांगतो, कारण सगळा घोटाळा तिथून सुरू होतो. ते बार्शीला शाळेत कारकून होते आणि त्यांना अभिनंदनाचा नाद होता. नाद म्हणजे अगदी नाद. पेपर आला की आधी आतली पानं. कुणाची मुलगी फौजदार झाली, कुणी कुस्ती मारली, कुणाच्या बैलजोडीला ढाल मिळाली, नाव दिसलं की पोस्टकार्ड. ओळख असायची गरज नव्हती. त्या माणसाचा पत्ता नसला तर त्याच्या गावचा जो कुणी माहितीतला असेल त्याला कार्ड: तुमच्या गावच्या अमक्याने नाव काढलं, हार्दिक अभिनंदन. त्या बिचाऱ्याचा त्या कुस्तीशी काय संबंध? पण लोक खूश व्हायचे. उलट टपाली कार्डं यायची. सगळ्यात आधी आपलं कार्ड पोचलं पाहिजे, एवढीच त्यांची धडपड असे. मी त्यांचाच मुलगा. कॉलेजात कुणाचा निकाल लागला की त्याच्या आधी मला कळायचं आणि त्याच्या आईच्या आधी मी मिठी मारायचो. माझ्या जिभेला हाड नाही, हे आई म्हणायची ते वेगळ्या अर्थाने, पण म्हणायची.

तो शुक्रवार होता. दुपारी जेवून आलो, डबा अजून टेबलावर उघडाच. कुणाच्या तरी स्क्रीनवर बातमी होती: त्या वर्षीचं शांततेचं आंतरराष्ट्रीय पारितोषिक चीनमधल्या एका माणसाला. लेखक, पूर्वी प्राध्यापक, आणि आत्ता तुरुंगात. लोकांना आपलं सरकार निवडता यावं, मनातलं लिहिता यावं, अशी मागणी त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी लिहून काढली, म्हणून अकरा वर्षांची शिक्षा. मला भरून आलं. खरंच आलं. तुरुंगातल्या माणसाला जगाने उभं राहून नमस्कार केला, असं काहीसं वाटलं. आणि दुसऱ्याच क्षणी माझ्यातला बार्शीचा कारकून जागा झाला. चीनमधलं माझ्या ओळखीचं कोण? मेइ. तिकडे संध्याकाळचे पाच वाजले असतील, अजून गेली नसेल. मी लिहिलं: हार्दिक अभिनंदन, तुमच्या माणसाला शांततेचं पारितोषिक मिळालं.

ती म्हणाली, कोणत्या माणसाला?

तिला माहीतच नाही म्हटल्यावर मला काय चेव आला सांगू. पहिलं कार्ड माझंच. मी त्याचं नाव लिहिलं, तुरुंग लिहिला, शिक्षा लिहिली, सगळं लिहिलं. पडद्यावर दिसत होतं, ती काहीतरी लिहितेय. मग थांबली. पुन्हा लिहायला लागली. पुन्हा थांबली. मग ओळ आली: आज इथे खूप पाऊस आहे.

मला वाटलं, भातवाल्याची पोर, पावसाची काळजी. मी लिहिलं, अरेरे, ऐन कापणीत? आणि लगेच पुढे: पण बातमी वाच तर, थांब, पाठवतो. अख्खी बातमी उचलून तिच्यापुढे टाकली. बराच वेळ काही नाही. मग तिची ओळ आली: तुमचा भात कसा आहे?

सोमवारचा प्रश्न ती शुक्रवारी विचारत होती. मला तेवढंही दिसलं नाही. मी लिहिलं, भात राहू दे गं, तुमच्याकडे लोकांना आनंद झाला नाही का? त्यानंतर तिच्या नावापुढचा हिरवा ठिपका करडा झाला.

मी खुशीत होतो, हे लिहिताना मला आजही लाज वाटते. घरी येताना बांधावरून वडिलांना फोन लावला. "बाबा, आज चीनला अभिनंदन कळवलं." ते म्हणाले, "पहिला तूच का?" मी म्हटलं, "बहुतेक." "शाबास," ते म्हणाले, आणि आईला हाक मारून सांगायला लागले.

सोमवारी सकाळी फोनवर तिचा आवाज नव्हता. एक मुलगा होता, नवीन. मेइ कुठे, मी विचारलं. ती दुसऱ्या कामावर गेली, तो म्हणाला. कोणत्या? दुसऱ्या, तो म्हणाला. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, पाऊस थांबला का तुमच्याकडे? तो गोंधळला. पाऊस? इथे तर दोन आठवडे कडक ऊन आहे, तो म्हणाला.

फोनवर पुढे कोण काय बोललं ते मला आठवत नाही. पाऊस नव्हता. ती मला सांगत होती, गप्प बस. दोनदा सांगितलं, एकदा पावसाच्या नावाने, एकदा भाताच्या, आणि मी तिसऱ्यांदा बातमी हातात घेऊन तिच्या अंगावर धावलो. दुपारी आमच्या साहेबांचा सगळ्यांना ईमेल आला: चॅटवर फक्त कामाचं बोलावं. माझं नाव त्यात नव्हतं. जेवताना कुणीतरी म्हणालं, कुणी काय लिहिलं रे? मी भाजीत बघत राहिलो.

तो सगळा आठवडा मी काय केलं? चाललो. खोलीत बसवेना म्हणून बांधावरून चाललो, माणच्या चौकातून, वर टेकडीपर्यंत, परत. तिला नुसतं दुसऱ्या कामावर घातलं असेल, असं एक मन म्हणायचं. मग दुसरं मन सुरू व्हायचं. तिची चौकशी झाली असेल. तिच्या वडिलांकडे कुणी गेलं असेल, त्या दक्षिणेतल्या गावात, ऐन कापणीत. तिला विचारत असतील, हा भारतातला माणूस कोण, तुझं अभिनंदन का करतोय, तुझा काय संबंध? संबंध काहीच नव्हता. बार्शीच्या पद्धतीने मी तो जोडला होता.

शनिवारी अण्णांची कापणी होती. मी विळा मागून घेतला. अण्णांनी मला बघितलं, हातात विळा दिला आणि म्हणाले, "बार्शीकर, बोटं जपून. ज्वारी न्हाई ही." ओणवं होऊन मूठ धरायची, विळा आपल्याकडे ओढायचा, मूठ मागे टाकायची. तासाभरात कंबर म्हणजे काय ते कळलं. भाताची पाती दंडांना कापत होती, घाम त्यात झोंबत होता, आणि मला त्याने बरं वाटत होतं. दुपारी आंब्याखाली भाकरीला बसलो तेव्हा काकींनी, म्हणजे अण्णांच्या बायकोने, माझ्या ताटात दुसऱ्यांदा पिठलं वाढलं आणि विचारलं, "काय झालंय रं तुला? आठ दिस झालं, वर खोलीत नुसता येरझाऱ्या घालतुयास. खाली आवाज येतोय."

मी सगळं सांगितलं. अण्णा ऐकत होते, मधे दोनदा आभाळाकडे बघितलं. माझं संपल्यावर म्हणाले, "शेजारच्या गावात मोजणीवालं आल्तं, ठावं हाय का तुला? तू यायच्या आदीची गोष्ट. जमिनी घ्यायच्या व्हत्या त्यांना. पोरांनी गाडी आडवली, माघारी धाडली. लई नाव झालं. दुसऱ्या दिशी चौकात ह्यो भला मोठा फ्लेक्स. मोजणी रोखणाऱ्या वाघांचं हार्दिक अभिनंदन. समद्यांचं फोटू, खाली नावं. कुणाकुणाचा मोबाइल नंबरबी."

"मग?"

"मग काय. पोलिस आलं. त्यांस्नी पोरांची नावं ठावं नव्हती, कुणी सांगतबी नव्हतं. त्यांनी फ्लेक्स उतरिवला, गाडीत घातला, आन् वाचत वाचत एकेकाच्या दारात गेलं."

मला हसू आलं आणि लगेच आवरलंही. "लावला कुणी होता फ्लेक्स?"

अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला. "म्या," ते म्हणाले. "माजा भाचा व्हता त्यात. मधोमध त्याचा फोटू. म्हटलं, पोरानं नाव काढलं."

काकी पाणी द्यायला उठल्या आणि उगाच तिकडेच उभ्या राहिल्या. भाचा काही दिवस आत होता, त्याच्या नोकरीचं बोलणं चाललं होतं ते मोडलं, बहीण दोन दिवाळ्या बोलली नाही, हे अण्णांनी तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. तिसऱ्या वर्षी ती भाऊबीजेला आली. काही बोलली नाही, ओवाळून गेली. "तुजीबी बोलंल," अण्णा म्हणाले. मी चिडलो. म्हटलं, "अण्णा, तुमचा भाचा कुठे आहे ते तुम्हाला माहीत होतं. मला काहीच माहीत नाही." अण्णांनी उरलेली भाकरी फडक्यात बांधली. विळा पुन्हा हातात घेताना म्हणाले, "एक कर. तिला हुडकू नगंस. तू हुडकाय लागलास की तुज्या मागनं आनी कोन हुडकंल, सांगता येत न्हाई."

म्हणून मी पंधरा वर्षांत तिचं नाव कुठल्याही रकान्यात टाइप केलेलं नाही. हात पुष्कळदा गेला. मागे घेतला.

डिसेंबरात तो समारंभ झाला. खळ्यावर झोडणी चालली होती. पेंढी आपटली की दाणे सडासड उडायचे, हवेत भुसा, नाकातोंडात भुसा. संध्याकाळी हातपाय धुऊन आम्ही तिघं अण्णांच्या टीव्हीपुढे बसलो. मोठं दालन, फुलं, राजा-राणी, आणि मंचावर एक रिकामी खुर्ची. बक्षीस घ्यायला कुणी आलं नव्हतं. काकींना हे पटेना. "बायकू न्हाई का त्याला?" आहे, पण तिलाही घरात कोंडून ठेवलंय, मी सांगितलं. "भाऊ? कुनी शेजारी?" कुणालाच येऊ दिलं नाही म्हटल्यावर काकी टीव्हीच्या आणखी जवळ सरकल्या. आमच्या माणच्या यात्रेत मानकरी आला नाही तर त्याचा नारळ आणि फेटा त्याच्या जागेवर ठेवतात, आणि शेजारचा माणूस तो रात्रीच्या आत त्याच्या घरी पोचवतो. त्याशिवाय शेजारी जेवत नाही. टीव्हीवरच्या माणसाने बक्षिसाचा कागद त्या खुर्चीवर ठेवला. लोक उभे राहिले, टाळ्या थांबेनात. काकी म्हणाल्या, "आता ह्यो त्येच्या घरी पोचवनार कोन?"

मला तिथे बसवेना. मी बाहेर खळ्यावर आलो. डोक्यात एकच भांडण चालू. बक्षीस द्यायला नको होतं का? माझ्यासारखीच ही मोठ्या लोकांची घाई का? छे. त्याने जे लिहिलं ते स्वतःच्या नावाने लिहिलं, परिणाम माहीत असून लिहिलं. त्याचं नाव जगाने घेतलं, म्हणून त्याला गुपचूप नाहीसं करणं कठीण गेलं असेल. पण मेइने काही लिहिलं नव्हतं. तिने फक्त भात कसा आहे विचारलं होतं. त्याची रिकामी खुर्ची सगळ्या जगाने पाहिली. मेइची पाहणारा मी एकटा होतो, आणि ती रिकामी मीच केली होती.

पुढे वर्षं गेली. काही वर्षांनी तो लेखक कैदेतच आजारी पडून गेला; ती बातमी मी सोसायटीच्या लिफ्टमध्ये वाचली आणि माझा मजला निघून गेला. अण्णांचं ते खाचर गेलं, त्यावर आता पार्किंगचे तीन मजले आहेत. त्यांनी मुठा खोऱ्यात तुकडा घेतला आणि तिथे पुन्हा भातच लावला. मी नोकरी बदलली, लग्न केलं, मुलगी झाली. पण माझा तो नाद गेला. ऑफिसच्या ग्रुपवर कुणाला बढती मिळाली की पन्नास जणांचे फुलांचे गुच्छ पडतात, माझा नसतो. लोक मला आढ्यताखोर समजतात. वडील शेवटच्या आजारपणात एकदा म्हणाले, "तू हल्ली कुणाला कळवत नाहीस का रे?" मी म्हटलं, "कळवतो की." हे खोटं होतं आणि ते त्यांना कळलं असणार. मेइचं मी त्यांना कधीच सांगितलं नाही. त्यांच्या "शाबास"ला मला धक्का लावायचा नव्हता.

आणि यंदा ही सूचना. तिचं अभिनंदन करा.

चार दिवस मी ते निळं बटण बघत होतो. म्हणजे ती आहे. कुठे तरी आहे, काम करते आहे, तिला बढती मिळाली आहे. का दुसरीच कुणी? त्यांच्याकडे एका नावाच्या कितीतरी बायका असतील. पण कंपनी तीच. बरं, तीच असेल तर? दाबलं बटण, तर पंधरा वर्षांनी तिच्यापुढे माझं नाव येणार आणि त्याखाली तेच शब्द, हार्दिक अभिनंदन. न दाबावं, तर पुन्हा पंधरा वर्षं. बायकोला शेवटी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आणि मला वाटायचं तुला डोशांचा वास सहन होत नाही." मग म्हणाली, "अण्णांकडे जाऊन ये."

शनिवारी गाडी काढली आणि मुठ्याला गेलो. रस्त्याला शनिवार-रविवारच्या बंगल्यांच्या पाट्या, पुण्याहून आलेल्या गाड्या, आणि वळण घेतलं की एकदम पिवळं खोरं. अण्णांची कापणी चालू होती. पासष्टीचे झालेत, तरी ओणवे. मला बघून सरळ झाले, आधी आभाळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी फोन पुढे केला. त्यांनी तो लांब धरून बघितला.

"हीच का ती?"

"नाव तेच. फोटो नाही. देश दुसरा."

"त्यांच्या देशाच्या भायेर हाय म्हन की."

"हो. हीच असली तर."

"आन् ह्ये निळं काय?"

"अभिनंदनाचं बटण."

"ते नगं," अण्णा ताबडतोब म्हणाले. बांधावर बसले, टोपीने घाम पुसला. "ती तुला शेवटचं काय इचारून गेल्ती?"

"तुमचा भात कसा आहे."

"मंग तू काय सांगितलंस?"

मी काय सांगितलं होतं ते मला पक्कं माहीत होतं. भात राहू दे गं.

"पंधरा वरसं झाली," अण्णा म्हणाले, "पोरीनं इचारलंय, आन् तू अजून सांगितलं न्हाईस. सांग की."

मी उभ्या भाताचा आणि पुढे पडलेल्या पेंढ्यांचा फोटो काढला. कुणाचा चेहरा येणार नाही, गावाची पाटी येणार नाही, हे दोनदा तपासलं. खाली लिहिलं: भात पिकला आहे. आज कापतोय. तिचं नाव लिहिलं नाही, माझं लिहिलं नाही, माफी मागितली नाही. बाकी एक अक्षर नाही. त्याच साइटवरून तिला पाठवलं आणि फोन अण्णांच्या टोपीखाली ठेवून विळा घेतला. अंधार पडेपर्यंत कापत होतो आणि दर दोन मुठींनंतर टोपीकडे बघत होतो. काही आलं नाही. रविवारी काही आलं नाही. मी मुलीवर उगाच ओरडलो, गाडी दोनदा धुतली.

सोमवारी सकाळी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावत होतो, तेव्हा फोन वाजला. तिच्या दोन ओळी होत्या. पहिली: अजून हातानेच कापता? पुढे तोच हसरा चेहरा. मी सीटवर मागे रेलून डोळे मिटले. मग दुसरी ओळ वाचली.

आज इथे खूप पाऊस आहे.

मागून कुणीतरी हॉर्न देत होतं. मी तिच्या त्या समुद्रकाठच्या गावाचं हवामान उघडलं. उघडायला फार वेळ लागला, का मलाच तसं वाटलं. ढगाचं चित्र आलं, ढगाखाली थेंब. सकाळपासून पडत होता. खरंच पाऊस होता.